मराठवाड्याच्या कड्यांवर लांब चोचीचं गिधाड कसं ओळखायचं?

डोंगरावर घिरट्या घालणारा कुठलाही मोठा पक्षी नवख्या माणसाला गिधाडच वाटतो. कन्नडच्या औट्रम घाटात गाडी बाजूला घेऊन वर बघणारे लोक बोट दाखवून तसं म्हणतातही. बहुतेक वेळा वर घार असते, कधी एखादा गरुड. यात त्यांचा दोष नाही. आज पंचविशी-तिशीत असलेल्या पुष्कळांनी गिधाड एकदाही पाहिलेलं नाही, मग तुलना कशाशी करणार? चाळीस वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता. ढोर पडलं की तासाभरात आभाळातून गिधाडं उतरायची, आणि पोरासोरांनाही ती लांबून कळायची.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. मुख्य पक्षी एकच घेतलाय: लांब चोचीचं गिधाड. काही जण त्याला भारतीय गिधाडही म्हणतात. शास्त्रीय नाव जिप्स इंडिकस. हे कड्याकपारीत घरटं करणारं गिधाड आहे, आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेपासून बालाघाटापर्यंत मराठवाड्यात कड्यांना तोटा नाही. माझं सांगणं असं की आधी कडा बघायला शिका, पक्षी त्यानंतर. जो कड्याला दोन तास देतो त्याला आभाळातली ओळखही लवकर जमते.

आधी पक्षी नीट समजून घ्या

चोचीपासून शेपटीपर्यंत हे गिधाड ८० सेंटीमीटर ते १ मीटर भरतं. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत २ मीटर ते सव्वादोन मीटर. वजन साडेपाच-सहा किलो. आपली नेहमीची घार यापुढे फारच लहान, तिचे पंख दीड मीटरच्या आसपास असतात.

जोडी वर्षाला एकच अंडं घालते. नोव्हेंबर ते मार्च हा विणीचा मुख्य काळ. नर-मादी दोघंही आळीपाळीने अंडं उबवतात, त्याला ५० दिवसांच्या आसपास लागतात. त्यानंतर पिल्लू तीन महिन्यांहून जास्त काळ कपारीतच असतं. स्वतः वीण करण्याजोगं व्हायला गिधाडाला साधारण पाच वर्षं लागतात. एवढं ध्यानात ठेवलं तर एक घरटं बिघडलं की किती नुकसान होतं ते कळतं. त्या जोडीचं सबंध वर्ष वाया जातं.

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००२ सालापासून या जातीला 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात ठेवलंय. वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जितकं संरक्षण तितकंच या पक्ष्याला.

कडा वाचायचा कसा

आपले डोंगर लाव्हाच्या थरांचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या या थरांत काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर ऊन-पावसाने झिजून आत जातो आणि वरचा टणक थर पुढे आलेला राहतो. त्यातून आडव्या कपारी, पट्ट्या, ओटे तयार होतात. वर छप्पर, खाली सरळ उतरता कातळ, समोर मोकळी दरी. गिधाडाला अगदी अशी जागा लागते. जड पक्षी आहे, त्याला जमिनीवरून उडायला कष्ट पडतात. कड्यावरून नुसतं अंग झोकून दिलं तरी पंखाखाली हवा येते.

आता एक गोष्ट जागेची. अजिंठा-सातमाळा रांग आपल्या बाजूने, म्हणजे गोदावरी खोऱ्याच्या बाजूने, हळूहळू चढत जाते. कडे तुटतात ते उत्तरेला, खानदेशाकडे. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर-सिल्लोड रस्त्यावरून डोंगर बुटके वाटतात आणि त्याच रांगेच्या माथ्यावर जाऊन पलीकडे डोकावलं की पोटात गोळा येतो. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, पितळखोऱ्याची लेणी, अंतूर किल्ला हा सगळा परिसर या कडेच्या पट्ट्यात येतो. बालाघाटात पाटोदा तालुक्यातली सौताड्याची दरी अशीच उभ्या कातळाची आहे. या ठिकाणी गेलात की गिधाड दिसेलच, असं मी म्हणत नाही. कडा वाचायचा सराव करायला या जागा उत्तम आहेत, आणि कधी काळी गिधाड यायचं झालं तर ते अशाच ठिकाणी येईल.

कड्याच्या माथ्यावर उभं राहून त्याच कड्याच्या कपारी दिसत नाहीत. नवखे लोक इथेच फसतात. दरी जिथे घोड्याच्या नालेच्या आकारात वळते तिथे समोरच्या बाजूला जाऊन बसा. अजिंठ्याचा व्ह्यू पॉइंट याचा चांगला धडा देतो. वाघोरा नदीच्या वळणापलीकडून अख्खा कातळ एका नजरेत येतो. (लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळ मंगळवारी. बेत आखताना लक्षात असू द्या.)

बसलात की दुर्बीण डोळ्याला लावून कड्याचे आडवे पट्टे पाडा आणि एकेक पट्टा डावीकडून उजवीकडे सावकाश बघा. शोधायचे ते विष्ठेचे पांढरे ओघळ. गिधाडं वर्षानुवर्षं त्याच कपारी वापरतात, त्यामुळे कपारीच्या काठापासून खाली रुंद, दाट पांढरा पट्टा उतरलेला दिसतो. पारव्यांच्या जागेखाली लहान ठिपक्यांचा सडा असतो. शाहीन ससाण्याच्या बसायच्या जागेखाली अरुंद रेघा असतात. घुबडाचंही असंच काहीसं. पांढरं दिसलं की लगेच गिधाड मानू नका. ती जागा वहीत टिपा, कड्याचा एक फोटो काढून त्यावर खूण करा आणि वेगवेगळ्या वेळी पुन्हा बघा. काडक्या, पाला, लोकर असा ढीग कपारीत दिसला तर घरटं असण्याची शक्यता वाढते.

आणि एक सावधगिरी. याच कातळांवर आग्या मोहोळं लटकलेली असतात. धूर नको, अत्तर-स्प्रे नको, आरडाओरडा नको, दगड तर अजिबात टाकायचा नाही. पोळ्यावरच्या माश्या लाटेसारख्या हलायला लागल्या की मुकाट मागे फिरा.

किती वाजता जायचं

पहाटेच जायला पाहिजे असं काही नाही. गिधाड उन्हाची वाट बघतं. जमीन तापून गरम हवा वर उठायला लागली की ते तिच्यावर गोल गोल चढतं. हिवाळ्यात हे नऊ-साडेनऊनंतर सुरू होतं. म्हणून आठच्या सुमारास जागेवर बसलेलं असावं: आधी कपारीतला बसलेला पक्षी शोधायचा, मग दहा ते बारा आभाळ बघायचं. दुपारी चारनंतर परतीची वेळ. मधल्या काळात जेवण करा, सावलीला बसा.

सामान थोडकंच लागतं. ८×४२ किंवा १०×४२ ची दुर्बीण, पाणी, टोपी, वही. गटात कुणाकडे स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची लांब पल्ल्याची दुर्बीण, असेल तर सोन्याहून पिवळं, कारण समोरच्या कड्यावर बसलेल्या पक्ष्याची चोच दुर्बिणीतून नीट दिसत नाही. अभयारण्यात जायचं तर वनविभागाची परवानगी आधी काढा.

आभाळातली ओळख

आधी रंग विसरा आणि आकार बघा. उन्हाच्या विरुद्ध बाजूला सगळेच पक्षी काळे दिसतात.

गिधाडाचे पंख दाराच्या फळीसारखे लांब, रुंद आणि जवळजवळ सारख्या रुंदीचे असतात. टोकाला पिसं सुटी, बोटं फाकवावीत तशी. शेपूट आखूड. उडताना मान आखडून घेतल्यामुळे डोकं अगदी लहान दिसतं. घारीची शेपूट लांब, टोकाला दुभंगलेली, आणि ती सतत इकडे-तिकडे वळवत असते. घार थोड्या थोड्या वेळाने पंख मारते. गिधाड मात्र एकदा गरम हवेवर चढलं की पंख न हलवता मिनिटामागून मिनिटं फिरत राहतं. मी नवख्यांना सांगतो, घड्याळ लावा. शंभर आकडे मोजून होईपर्यंत पंख हलला नाही तर पुढची तपासणी करायला हरकत नाही. गरुडही बराच वेळ तरंगतो, पण त्याचं डोकं पुढे ठळक येतं आणि शेपूट गिधाडापेक्षा लांब असते.

आकार जुळला की मग रंगाकडे या. खालून बघताना एकच प्रश्न विचारा: अंग फिकट आहे की गडद?

लांब चोचीच्या गिधाडाचं अंग आणि पंखाचा पुढचा अर्धा भाग फिकट, मातकट-पिवळसर. पंखाची मागची मोठी पिसं गडद. आणि फिकट अंगापुढे डोकं-मान काळपट. हा विरोध चांगल्या उजेडात बऱ्याच लांबूनही कळतो.

पांढऱ्या पाठीच्या गिधाडात उलटं असतं. अंग काळपट आणि पंखाच्या खालच्या बाजूचा पुढचा पट्टा पांढराशुभ्र. ते वळलं आणि पाठ दिसली तर कमरेवर पांढरा डाग चमकतो. हे गिधाड झाडांवर घरटं करतं, त्यामुळे कपारीत बसून अंडं उबवणारा मोठा पक्षी दिसला तर त्याचा विचार मागे टाकायला हरकत नाही. कोवळ्या पिल्लांना मात्र हा नियम लावू नका. त्यांच्यात ना पांढरा पट्टा असतो ना पांढरी कंबर, सगळं तपकिरी.

बसलेला पक्षी जवळून

स्कोपमध्ये पक्षी आला की घाई करू नका. डोक्यापासून खाली या.

मोठ्या पक्ष्याचं डोकं आणि मान जवळजवळ उघडी, काळसर राखाडी कातडीची. त्यावर विरळ पांढरट लव. मानेच्या तळाशी पांढऱ्या मऊ पिसांची झालर. चोच लांबट आणि फिकट, पिवळसर शिंगाच्या रंगाची. काळपट चेहऱ्यावर ती उठून दिसते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची चोच याच्यापुढे आखूड आणि जाड वाटते. पाठीचा रंग फिकट तपकिरी, कडक उन्हात तर जवळपास वाळल्या गवतासारखा दिसतो. शेपटीकडची पिसं गडद.

कोवळ्या पक्ष्याची चोच गडद असते, फक्त वरच्या कण्यावर फिकट पट्टी. डोक्या-मानेवर पांढरट लव दाट असते आणि खालची कातडी गुलाबीसर दिसते. अशा पक्ष्यावरच ओळखीचे सगळ्यात जास्त वाद होतात. कारण हिवाळ्यात उत्तरेकडून दुसरी गिधाडं मैदानात उतरतात. त्यात हिमालयीन गिधाडाचे कोवळे पक्षीही असतात. ते आकाराने बरेच मोठे, पंख अडीच मीटरच्या पुढे, अंग गडद तपकिरी आणि त्यावर ठळक फिकट रेघा. युरेशियन ग्रिफन हाही हिवाळी पाहुणा. त्याचं डोकं पांढरट आणि अंग तांबूस छटेचं. शंका राहिली तर वहीत 'जिप्स, जात नक्की नाही' एवढं लिहा; जिप्स हे या सगळ्या जवळच्या गिधाडांच्या गटाचं नाव. अशी नोंद पूर्ण सन्मानाची आहे. ओढूनताणून जात ठरवलेली नोंद पुढे अभ्यासकांना त्रास देते.

सोशल मीडियावर दाढीवाल्या गिधाडाचे, म्हणजे हाडं उंचावरून टाकून फोडणाऱ्या पक्ष्याचे फोटो 'आपल्या डोंगरात दिसलं' म्हणून फिरतात. तो पक्षी हिमालयाचा. ते फोटो पुढे पाठवू नका.

पांढरं गिधाड: आपल्याकडची खरी परीक्षा

लांब चोचीचं गिधाड शोधताना पांढरं गिधाड, ज्याला इजिप्शियन गिधाडही म्हणतात, भेटण्याची शक्यता जास्त. तेही कपारीत घरटं करतं, आणि आययूसीएनच्या यादीत २००७ पासून तेही संकटग्रस्त आहे. आकार घारीएवढाच, त्यामुळे लहान-मोठं बघून काही कळत नाही. शेपूट बघा: घारीची दुभंगलेली, याची पाचरीसारखी निमुळती. मोठा पक्षी मळकट पांढरा, पंखाची मागची पिसं काळी, चेहरा उघडा पिवळा. पिल्लू मात्र सगळं गडद तपकिरी, पण शेपूट तशीच पाचरीची.

जायकवाडीच्या बाजूला आणखी एक घोटाळा होतो. मुग्धबलाक आणि चित्रबलाक हे करकोचे गरम हवेवर उंच चढतात, आणि त्यांच्याही पंखांवर काळं-पांढरं असतं. त्यांची मान पुढे आणि पाय शेपटीमागे लांब निघालेले दिसतात. गिधाडाचे पाय कधीच असे मागे येत नाहीत.

गावात बसून विचारा

कड्याइतकीच माहिती गावात मिळते. मेंढरं घेऊन डोंगरात फिरणारे धनगर, म्हातारे गुराखी, पूर्वी मेलेली जनावरं ओढून नेणारी माणसं यांना विचारा. बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की गिधाडांचा विषय काढा. "दादा, गिधाडं बसायची कुठं? झाडावर का कड्यावर?" या एका प्रश्नावरून जातीचा अंदाज येतो. "शेवटी कधी पाहिली?" हा दुसरा. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. धाराशिवजवळ येडशीच्या रामलिंगला गेलात तर तिथे रावणाशी जटायूने झुंज दिल्याची कथा सांगतात आणि जटायूची समाधीही दाखवतात. त्या दर्शनाला येणाऱ्या माणसांशी गिधाडांबद्दल बोलायला मला फार आवडतं. तिथे या पक्ष्याला कुणी अशुभ म्हणत नाही.

मग प्रश्न येतोच: गिधाडं गेली कुठं? उत्तर माहीत असलं पाहिजे, कारण गावात हे सांगणं हाही गिधाड ओळखण्याइतकाच कामाचा भाग आहे. लंगडणाऱ्या, ताप आलेल्या जनावरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलं जायचं. ते दिल्यावर थोड्या दिवसांत जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. युरिक आम्ल अंगात साठतं, आतल्या अवयवांवर पांढरा थर चढतो, आणि पक्षी काही दिवसांत मरतो. हे कारण २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून पक्कं झालं. एका जनावरावर डझनावारी गिधाडं बसतात, म्हणून शंभर मेलेल्या जनावरांमागे एकाहूनही कमी जनावर विषारी असलं, तरी सगळी जात खचायला ते पुरेसं ठरलं. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. लांब चोचीची आणि तिच्या जवळची सडपातळ चोचीची, दोन्ही मिळून सुमारे ९७ टक्के.

२००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलीची केली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही वेदनाशामकंही जनावरांसाठी बंद झाली. शेतकऱ्याला सांगायचं ते इतकं सोपं आहे: जनावराला वेदनाशामक हवंच असेल तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम द्यायला सांगा. ते गिधाडांना चालतं आणि जनावरालाही गुण येतो. ज्याच्या दावणीला बैल आहे त्याच्याशी बोलताना आधी बैलाच्या तब्येतीचं बोला, पक्ष्याचं नंतर.

नोंद, अंतर आणि अडचणीतला पक्षी

नोंदीत तारीख, वेळ, किती वेळ बघितलं, ऊन-ढग, पक्षी किती, बसलेले की उडते, आणि ओळख कशावरून पटली हे लिहा. काहीच दिसलं नाही तरी नोंद करा. 'सौताडा, तीन तास, गिधाड नाही' ही ओळ पाच वर्षांनी फार मोलाची ठरते. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकता येते. घरट्याची नेमकी जागा मात्र कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, फोटोतून लोकेशन काढून टाका, आणि ती माहिती थेट वनविभागाला द्या.

नोव्हेंबर ते मे घरट्यापासून निदान तीन-चारशे मीटर लांब राहा, तेही दरीच्या समोरच्या बाजूला. पक्षी उठून उभा राहिला, मान ताणून तुमच्याकडे बघायला लागला की तुम्ही फार जवळ आलात. ड्रोन उडवायचा नाही. कुणी त्या कड्यावर दोर टाकून उतरायचा कार्यक्रम ठरवला असेल तर त्यांच्याशी आधीच बोला. गिर्यारोहक मंडळी समजून सांगितलं तर ऐकतात असा माझा अनुभव आहे.

पक्ष्याच्या पाठीवर छोटं यंत्र, पायात कडी किंवा पंखावर आकड्याची पट्टी दिसली तर फोटो काढा आणि आकडा टिपा. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली गेली आणि त्यांना अशी जीपीएस यंत्रं लावलेली आहेत. सुटल्यावर गिधाड शेकडो किलोमीटर फिरतं, तेव्हा आपल्याकडे असा पक्षी दिसणं अशक्य नाही.

मान खाली टाकून गुंगल्यासारखं बसलेलं किंवा जखमी गिधाड सापडलं तर त्याला पाणी पाजू नका, खायला घालू नका. चोच जोरात लागते आणि घाबरलेलं गिधाड पोटातलं बाहेर टाकतं, म्हणून उघड्या हाताने धरू नका. वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा. तालुका, गाव, जवळची खूण सांगा, आणि वनरक्षक येईपर्यंत कुत्री आणि बघे लांब ठेवा. जवळपास मेलेलं जनावर असेल तर तेही कर्मचाऱ्यांना दाखवा, आणि त्या जनावराला शेवटी कुठलं इंजेक्शन दिलं होतं ते मालकाकडून विचारून ठेवा.